उंबऱ्याचा आकडा



मृगाचे दिवस जवळ आले की आमच्या लक्ष्मीपुरीतील धान्याच्या दुकानाची रंगरंगोटी निघते. यंदाही रंगारी आला. सामान हलवून झाल्यावर आतल्या भिंतीवरील तीन आडव्या रेषांकडे बोट दाखवून तो म्हणाला, "वहिनी, ह्या रेघा पुसून टाकतो. दुकान कसं झ्याक दिसंल." मी त्याला थांबवले. भिंत रंगव, पण रेषा राहू दे, असे सांगितले. त्याला नवल वाटले असावे. लोक दुकानात शुभ-लाभ लिहितात, आणि हे घर संकटाच्या खुणा जपून ठेवते!

त्या तीन रेषा म्हणजे पंचगंगेने आमच्या घराला दिलेल्या तीन भेटी. सर्वांत खालची २००५ ची, जमिनीपासून जेमतेम वीतभर. मामंजींनी ती कोळशाने ओढली होती. वरच्या दोन एकमेकींना जवळजवळ खेटून आहेत, २०१९ आणि २०२१ च्या. त्या सहा फुटांच्या वर आहेत. मी हात उंचावला तरच माझी बोटे तिथे पोहोचतात. पहिली रेषा आणि दुसरी रेषा यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्या अंतराने आमच्या घराला जे शिकवले ते या पावसाळ्याच्या तोंडावर आपणांस सांगावे, म्हणून आजचा हा लेख.

२०१९ च्या ऑगस्टची सुरुवात आठवा. पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की कोल्हापूरकर कान टवकारतो, तसे आम्हीही टवकारले. रविवारी घरात मसलत झाली. मामंजी म्हणाले, "पाच सालच्या पुरात वीतभर पाणी आलं होतं. आपण दोन फुटांवर माल ठेवू, म्हणजे काळजी मिटली." हिशेब चुकीचा वाटण्यासारखा नव्हता. विटा रचून, त्यावर फळ्या टाकून पोती चढवली आणि आम्ही निश्चिंत झालो. सोमवारी, ५ ऑगस्टला नागपंचमी होती. त्या रात्री पाण्याने उंबरा ओलांडला. मंगळवारी सकाळी फळ्या बुडाल्या. खालच्या थरातील डाळीची पोती फुगली, शिवणी उसवल्या आणि साखरेच्या पोत्यांचा तर नुसता बारदान उरला. राजाराम बंधाऱ्यावरील पाणी त्या आठवड्यात ५५ फुटांच्या वर गेले. मागच्या पुराची खूण ही पुढच्या पुराची मर्यादा असते, असे आम्ही मनाशी धरून बसलो होतो. नदीने तसा शब्द कुणालाच दिला नव्हता.

पण खरी गोष्ट पोत्यांची नाही. त्या रात्रीचा एक प्रसंग मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

उंबऱ्याला पाणी लागल्यावर आमचे जुने हमाल मामा आणि त्यांचे दोन सोबती पोती वरच्या मजल्यावर चढवू लागले. जिना अरुंद, वीज बंद, हातात बॅटरी. रात्री बाराच्या सुमारास मी त्यांच्यासाठी चहा केला. पेला हातात देताना सहज विचारले, "मामा, तुमच्याकडे काय परिस्थिती आहे?" ते म्हणाले, "आमच्याकडं दुपारीच पाणी शिरलंय, वहिनी. पोरं अन् त्यांची आई शाळंत गेल्यात." मी दचकून म्हणाले, "अहो, मग तुम्ही गेला का नाहीत?" त्यावर ते इतकेच बोलले, "अण्णांचा माल वर चढवायचा हुता न्हवं."

आमची चाळीस पोती त्या रात्री वाचली. त्यांच्या घरातील शिलाई मशीन, मुलांची पुस्तके, धान्याचे डबे, सारे गेले. त्यांची बायको शिवणकाम करून संसाराला हातभार लावीत असे. आम्ही नंतर मशीन घेऊन दिले, हे खरे; पण ती भरपाई होती. ज्या वेळी त्यांनी आपल्या घरी असायला हवे होते, त्या वेळी आम्ही त्यांना आमच्या जिन्यावर उभे केले होते. आम्ही वाईट माणसे होतो म्हणून हे घडले नाही, आम्ही उशिरा जागे झालो म्हणून घडले. कीडमुंगीला इजा होऊ नये म्हणून दिवा झाकणारे आपण, आपल्या उशिराची किंमत कोण मोजतो हे मात्र पाहत नाही. घर पुरापासून वाचवण्याच्या साऱ्या उपायांत पहिला उपाय कोणता, असे मला कुणी विचारले तर मी सांगेन, की लवकर हलणे. आणि लवकर हलायचे असेल, तर केव्हा हलायचे हे आधीच ठरलेले असावे लागते. त्यासाठीच आपल्या उंबऱ्याचा आकडा ठाऊक हवा.

हा आकडा म्हणजे काय, ते सांगते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी घेऊन पंचगंगा शहराला वळसा घालते. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर तिची पातळी फुटांत मोजली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. पावसाळ्यात हे आकडे वर्तमानपत्रांत, आकाशवाणीवर आणि आता प्रत्येकाच्या मोबाईलवर दिवसातून अनेकदा येतात. आपण ते ऐकतो, 'आज त्रेचाळीस झालं बरं का' असे एकमेकांना सांगतो आणि कामाला लागतो. पण ४३ फूट हा आकडा साऱ्या शहरासाठी आहे, तुमच्या घरासाठी नाही. सुतारवाड्यातील कुटुंबांना त्याआधीच घर सोडावे लागते, तर राजारामपुरीच्या उंचावरील घराला तो कधीच शिवत नाही. बंधाऱ्यावर किती फूट झाले म्हणजे पाणी माझ्या दाराच्या पायरीला लागते, हा झाला माझ्या उंबऱ्याचा आकडा. आमचा आकडा साडेएकोणपन्नास आहे. २०१९ पूर्वी तो घरात कुणालाच माहीत नव्हता.

तो काढणे अवघड नाही. मागील पुरात पाणी पायरीला लागले तेव्हाची छायाचित्रे बहुतेकांच्या मोबाईलमध्ये आहेत. छायाचित्रावर तारीख आणि वेळ असते. त्या वेळी बंधाऱ्यावर किती पातळी होती, ते त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांतून काढता येते. ज्यांच्या घरात अद्याप पाणी आलेले नाही, त्यांनी गल्लीतील ज्या घराला पाणी लागले होते त्याच्या पायरीपासून आपल्या पायरीपर्यंत गवंड्याकडून लेव्हलच्या नळीने उंची मोजून घ्यावी. शेजाऱ्याच्या आकड्यात तो फरक मिळवला की आपला आकडा मिळतो. बंधारा आपल्या दारापासून दूर आहे, प्रवाहाला उतार असतो, त्यामुळे हा आकडा अंदाजाचाच. म्हणून सुरक्षिततेसाठी त्यातून एक फूट वजा करून ठेवावा. सांगलीच्या वाचकांनी हाच हिशेब आयर्विन पुलावरील पातळीवरून करावा; तेथे इशारा ४० फुटांवर आणि धोका ४५ फुटांवर असतो. इचलकरंजी आणि शिरोळकडील मंडळींनी आपापल्या जवळची मोजपट्टी धरावी. शिरोळ तालुक्यात आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, आणि म्हणून तिकडे पूर उशिरापर्यंत मुक्काम करतो.

आकडा मिळाला की मग त्याच्याआधीच्या पायऱ्या ठरवाव्यात. आमच्या घरात त्या तीन आहेत आणि दुकानाच्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने चिकटवलेल्या आहेत.

पहिली पायरी ३९ फुटांची. इशारा पातळी झाली की नवीन माल मागवणे बंद. कागदपत्रे, हिशेबाच्या वह्या आणि संगणकाची पेटी वर जाते. बहुतेक दुकानांत ती पेटी टेबलाखाली जमिनीवर असते, म्हणजे सगळ्यांत आधी तीच बुडते. औषधांचा पंधरा दिवसांचा साठा घेतला जातो. दुकानात काम करणाऱ्या प्रत्येकाला विचारले जाते, तुमच्या घराचा आकडा किती? आमच्यापेक्षा ज्याचा आकडा खाली, तो आधी मोकळा.

दुसरी पायरी ४३ फुटांची. या आकड्याच्या आत सारा माल वरच्या मजल्यावर किंवा उंचावरील नातलगांच्या गोदामात गेलेला असला पाहिजे. म्हणजे काम ४१-४२ लाच सुरू करायचे. ४३ झाले की हमाल मंडळींना दिवसाची मजुरी देऊन घरी पाठवायचे. त्यानंतर कितीही माल राहिला असला तरी त्यांना हाक मारायची नाही. हा नियम मामंजींनी स्वतः घातला आहे.

तिसरी पायरी आमच्या आकड्याच्या दोन फूट अलीकडची. तेव्हा घरातील सर्वांनी घर सोडायचे. 'मी एकटा वर थांबतो, दुकानाकडे लक्ष राहील,' हे वाक्य उच्चारायचे नाही. २०१९ ला मामंजी असेच थांबले होते. मधुमेहाचे इन्सुलिन दुसऱ्या दिवशी संपले. तिसऱ्या दिवशी बचाव पथकाच्या बोटीतून, गॅलरीच्या कठड्यावरून त्यांना उतरवावे लागले. त्यांच्या त्या थांबण्याने दुकानातील एक दाणाही वाचला नाही. माल पुन्हा भरता येतो. सत्तरीच्या माणसाला अंधारात बोटीत उतरवणारे हात मात्र दरवेळी मिळतीलच असे नाही.

आता प्रत्यक्ष घराविषयी. पुराचे पाणी दारातून आत येते असे आपल्याला वाटते. पण शहरात ते पुष्कळदा आधी न्हाणीघरातून येते. नदी चढली की जयंती नाल्याचे पाणी नदीत उतरू शकत नाही, उलट मागे दाटते आणि गटारांतून, मैल्याच्या नळांतून घराकडे परतते. दाराला फळ्या ठोकून बसलेल्या माणसाच्या संडासातून काळे पाणी वर येते, ते यामुळे. यावर उपाय म्हणजे घराबाहेर जाणाऱ्या मैलावाहिनीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवणे. पाणी बाहेर जाते, पण परत येऊ शकत नाही. चांगला प्लंबर ते काम उन्हाळ्यात करून देतो. तेवढे होत नसेल तर वाळूने भरलेली प्लास्टिकची पिशवी संडासाच्या भांड्यात आणि न्हाणीच्या जाळीवर घट्ट बसवून ठेवावी.

दाराला फळी लावून पाणी अडवण्यालाही मर्यादा आहे. दहा फूट लांबीच्या भिंतीबाहेर तीन फूट पाणी उभे राहिले आणि आत कोरडे असले, तर त्या भिंतीवर सुमारे सव्वा टनाचा जोर पडतो. पाणी सहा फूट झाले तर तो जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे पाच टन. साध्या विटांची भिंत, आणि त्यातून पांढऱ्या मातीतील जुनी भिंत, हा भार सोसत नाही. म्हणून दोन-तीन फुटांपर्यंत पाणी जरूर अडवावे. त्यापलीकडे चढणार असे दिसले, तर माल वर नेऊन दारे उघडी ठेवावीत. पाणी आत-बाहेर समान झाले की भिंतीवरचा जोर उतरतो. फरशी धुता येते, पडलेली भिंत धुता येत नाही.

पोटमाळ्याचेही तसेच. घाईत सारी पोती पोटमाळ्यावर चढवण्याची आपली सवय. पन्नास किलोची चाळीस पोती म्हणजे दोन टन. जुन्या लाकडी तुळया एवढ्या ओझ्यासाठी घातलेल्याच नसतात. पोटमाळा किती सोसेल ते पावसाळ्यापूर्वी अनुभवी गवंड्याला किंवा अभियंत्याला दाखवून घ्यावे, आणि पोती मध्यभागी न रचता भिंतीच्या कडेने रचावीत.

विजेचा मुख्य फलक, इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी भिंतीवरील सर्वांत वरच्या रेषेच्याही वर घ्यावी. मीटर हलवायचा असेल तर महावितरणकडे रीतसर अर्ज करावा. तो स्वतः हलवू नये. घर सोडताना मुख्य स्विच बंद करावा, तोही कोरड्या पायांनी. गॅसचे सिलिंडर रेग्युलेटर काढून, टोपण लावून वर न्यावे. खाली राहिलेच तर साखळीने बांधावे, कारण ते पाण्यावर तरंगते आणि आदळत फिरते.

पिण्याच्या पाण्याची तजवीज विसरू नये. २०१९ ला बालिंगा आणि शिंगणापूरची उपसा केंद्रे पाण्यात गेली, आणि चहूकडे पाणीच पाणी असताना शहरातील नळ कोरडे पडले. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाल्याने दूध, भाजी, इंधन यांचीही टंचाई झाली. अशा वेळी आपल्या घरच्या जुन्या रीती उपयोगी पडतात. पाणी गाळून, उकळून पिण्याची सवय आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको. चातुर्मासात हिरव्या भाज्या वर्ज्य करणाऱ्या घरांत खाकरे, भाजके पोहे, डाळे, शेंगदाणे, गूळ हे असतेच. त्यात आठ दिवसांची भर घालून ठेवावी. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्याला वीज गेल्याचा त्रासही निम्माच होतो, असे सासूबाई हसत हसत म्हणतात.

आता विमा. व्यापारी घरांत विमा असतोच; पण तो कशाचा आणि किती रकमेचा आहे, हे पाणी ओसरल्यावर कळते. २०१९ ला आमचेही तसेच झाले. आमच्या पॉलिसीत मालाची रक्कम कित्येक वर्षांपूर्वीची होती. माल दुपटीने वाढला, रक्कम तीच राहिली. समजा, दुकानात २० लाखांचा माल आहे आणि विमा १० लाखांचा. पुरात ८ लाखांचे नुकसान झाले. आपल्याला वाटते, ८ लाख तर १० लाखांच्या आत आहेत, पूर्ण मिळतील. पण विमा निम्म्या मालाचाच असल्याने भरपाईही निम्म्याच नुकसानीची, म्हणजे ४ लाखांची मिळते. हा नियम छापलेला होता; आम्ही वाचला नव्हता. आमच्या ओळखीच्या एका घराची अडचण आणखी वेगळी. त्यांचा विमा बँकेने कर्जापुरताच उतरवलेला होता. कर्ज फिटले, दुकान मात्र सावरले नाही. काहींनी हप्ता कमी व्हावा म्हणून आगीच्या विम्यातून पूर-वादळाचे कलम वगळून घेतले होते.

१ एप्रिल २०२१ पासून घरासाठी 'भारत गृह रक्षा' आणि ५ कोटी रुपयांपर्यंतच्या लहान व्यवसायांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' अशा ठरावीक नमुन्याच्या पॉलिसी सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे मिळतात. त्यांत पूर, वादळ, भूकंप, दरड कोसळणे यांचा समावेश आहे. गृह रक्षेत इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, मात्र कमाल १० लाखांपर्यंत, घरातील सामानही आपोआप धरले जाते. दागिने आणि मौल्यवान वस्तू मात्र वेगळ्या नोंदवाव्या लागतात. तळघरात माल ठेवत असाल तर तसे पॉलिसीत लिहून घ्यावे. आणि दर महिन्याच्या शेवटी दुकानातील मालाचे दोन-चार फोटो आणि साठ्याचा कागद मुलाच्या किंवा लेकीच्या मोबाईलवर पाठवून द्यावा. पुराने वही भिजली तरी पुरावा कोरडा राहतो. सरकारी मदतीचा आधार असतो, पण तो केवढा, हे व्यापाऱ्याने ओळखून असावे. २०२१ च्या पुरानंतर दुकानदारांना जाहीर झालेली मदत ५० हजार रुपयांच्या मर्यादेत होती.

नवीन घर किंवा गोदाम घेणाऱ्यांना एक विनंती. जागा स्वस्त का आहे, हे विचारा. नदीकाठच्या नकाशावर पाटबंधारे खाते दोन रेषा आखते. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ आता शंभर वर्षे निर्धास्त, असा नाही. दर वर्षी शंभरात एक शक्यता, असा तो आहे. ३० वर्षांच्या काळात लाल रेषेवरील घराला असा पूर गाठण्याची शक्यता चारात एक होते आणि निळ्या रेषेवरील घराला दहात सात. कोल्हापूरने तर २०१९ आणि २०२१ असे दोन महापूर दोन वर्षांच्या अंतराने पाहिले.

पाणी ओसरल्यानंतरही घाई करू नये. मातीच्या भिंती पाण्यात असताना उभ्या दिसतात आणि वाळताना कोसळतात. जाणकाराने पाहिल्याशिवाय आत झोपू नये. वायरमनने तपासल्याखेरीज मुख्य स्विच सुरू करू नये. जमिनीखालील टाकी पूर्ण उपसून, घासून, ब्लिचिंग पावडरने धुतल्याशिवाय तिचे पाणी वापरू नये. पुराच्या पाण्यातून चालल्यावर ताप आला तर लेप्टोस्पायरोसिसची शंका धरून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. विम्याचा सर्वेक्षक येण्यापूर्वी खराब माल फेकू नये. त्याचे फोटो काढावेत.

आणि ओले धान्य वाळवून विकू नये. मोह होतो. २०१९ ला आमच्या अंगणात तीन दिवस ऊन पडले होते आणि तुरीची पोती समोर होती. कुणी म्हणाले, पॉलिश केली की कळत नाही. कुणी म्हणाले, निदान जनावरांना तरी चालेल. पण त्या पाण्यात साऱ्या शहराचा मैला होता, आणि बुरशी धरलेले धान्य जनावरालाही विषच. यांनी सारी पोती महापालिकेच्या गाडीत चढवली. वरच्या मजल्यावरची चाळीस पोती तेवढी विकली. त्या वर्षी नफा झाला नाही. पण गिऱ्हाईक आजही डोळे मिटून डाळ नेते.

मग २०२१ उजाडले. २२ आणि २३ जुलैला असा पाऊस कोसळला की नदी दोन दिवसांत चढली. २०१९ ला मिळाला तेवढा अवधी या खेपेस मिळाला नाही. चातुर्मास बसत होता, घरात त्याचीच तयारी होती. मुलगा मोबाईल पाहून म्हणाला, "आजोबा, एकेचाळीस झालं." मामंजी जपमाळ बाजूला ठेवून उठले. संध्याकाळपर्यंत माल वर गेला. हमाल मामांना मामंजींनी स्वतः सांगितले, "तुम्ही आता निघा. तुमचा आकडा आधी येतो." रात्री आम्ही सगळे राजारामपुरीला नणंदेकडे पोहोचलो, आणि सर्वांत आधी रिक्षात जाऊन बसले होते ते मामंजीच! दुकानात पुन्हा सहा फुटांवर पाणी आले. फरशी, दारे, रंग गेला. त्या पाण्यात आमचे एकही पोते नव्हते. मामांच्या घरात पाणी शिरले तेव्हा त्यांचे शिलाई मशीन त्यांच्या मेहुण्याच्या घरी, उंचावर, कोरडे होते.

पुढचा पूर कधी येईल, किती येईल, हे आपल्या हाती नाही. तो आमच्या वरच्या रेषेपाशीच थांबेल, असेही आता आम्ही मानत नाही. आपल्या हाती एवढेच आहे, की आपला आकडा ठाऊक असावा आणि तो येण्याच्या आधी आपण उठावे. या रविवारी कुटुंबातील सर्वांनी एकत्र बसून तो काढा. घरात लहान मुले असतील तर त्यांनाच मोजू द्या. त्यांच्या लक्षात तो जन्मभर राहील. आणि तुमच्या दुकानात, घरात कामाला येणाऱ्यांनाही त्यांचा आकडा विचारा. तुमच्या आकड्याच्या शेजारी तोही लिहून ठेवा.

रंगाऱ्याने भिंत रंगवली. तीन रेषा तशाच आहेत. वरच्या दोघींच्या बाजूला मी यंदा पांढऱ्या रंगाने लिहून घेतले आहे : साडेएकोणपन्नास. गिऱ्हाईक विचारते, हा कशाचा भाव? मी सांगते, भाव नव्हे, हा आमच्या उंबऱ्याचा आकडा. तुमचा किती?